यीस्टने पानात काय टाकलं?

लांबच्या राइडनंतर सायकलवाली मंडळी एकत्र बसली की दोन वाक्यं हमखास ऐकू येतात. एक, अमेरिकन बिअर म्हणजे नुसतं पाणी, तिच्यात अल्कोहोल कुठे असतं! दुसरं, जर्मन बिअर शुद्ध, ती अंगाला लागते. म्युनिकला शिकायला गेलेली आणि कोलोरॅडोत नोकरी करणारी आपली मराठी मुलंही सुट्टीत घरी आली की हेच सांगतात. दोन्ही वाक्यं चुकीची आहेत. पण जीभ खोटं बोलत नाही; दोन बिअरमध्ये फरक लागतो हे खरंच आहे. तो फरक जिथे तयार होतो ती यंत्रणा इतकी देखणी आहे की मला खरं तर तिच्याबद्दलच लिहायचं आहे.

आधी अल्कोहोलचा मुद्दा मिटवू. बडवायझरमध्ये ५ टक्के अल्कोहोल असतं. म्युनिकची फिकट हेलेस साधारण तेवढीच, उत्तर जर्मनीतली पिल्स ४.८ ते ५, गव्हाची वाइसबिअर थोडी वर. म्हणजे फरक जवळपास नाहीच. गैरसमजाचं एक मूळ मोजमापात आहे. अमेरिकेत १९२० ते १९३३ दारूबंदी होती. ती उठत असताना एप्रिल १९३३ मध्ये सगळ्यात आधी ३.२ टक्क्यांच्या बिअरला परवानगी मिळाली, आणि हे ३.२ टक्के वजनाचे होते. युरोपात अल्कोहोल घनफळात मोजतात. इथेनॉल पाण्यापेक्षा हलकं, त्याची घनता ०.७८९, म्हणून वजनाचे ३.२ टक्के म्हणजे घनफळाचे सुमारे ४ टक्के. त्यात १९३५ च्या कायद्याने अमेरिकेत बिअरच्या लेबलवर टक्केवारी छापायलाच मनाई केली होती. ही मनाई सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये रद्द केली. साठ वर्षं आकडा लपलेला राहिला की अफवा वाढणारच.

आता शुद्धता. २३ एप्रिल १५१६ रोजी बव्हेरियात इंगोलश्टाट इथे नियम झाला की बिअर फक्त जव, हॉप्स (कडवट चव देणारी फुलं) आणि पाणी यांचीच करायची. यीस्टचा, म्हणजे साखर खाऊन अल्कोहोल तयार करणाऱ्या सूक्ष्म बुरशीचा, उल्लेख नाही, कारण यीस्ट काय असतं हे तेव्हा कुणालाच माहीत नव्हतं. गव्हालाही त्यात जागा नव्हती. गहू पावासाठी राखून ठेवणं हा त्यामागचा एक हेतू मानला जातो. या नियमात बिअरचे भावही ठरवून दिले होते. १९०६ पासून तो सगळ्या जर्मनीत लागू झाला. हा घटकपदार्थांचा नियम आहे, आरोग्याचं प्रमाणपत्र नाही. या नियमाने बनवलेल्या बिअरमधला इथेनॉलचा रेणू आणि अमेरिकेतल्या मिलवॉकीच्या बिअरमधला रेणू यकृताला सारखेच.

मग चवीतला फरक येतो कुठून? जवाच्या दाण्यात साठवलेलं अन्न म्हणजे स्टार्च, ग्लुकोजच्या हजारो कड्यांची साखळी. यीस्टला ती अख्खी खाता येत नाही. पण दाणा भिजून मोड यायला लागला की रोपाला अन्न पुरवण्यासाठी त्यात विकरं, म्हणजे एन्झाइम्स, कामाला लागतात आणि स्टार्च तोडायची तयारी होते. त्याच क्षणी दाणे वाळवून ही प्रक्रिया थांबवली की झाला माल्ट. आपल्याकडे मोड आणून वाळवलेल्या नाचणीच्या पिठात नेमकं हेच असतं. त्या पिठाची खीर साध्या पिठाच्या खिरीइतकी घट्ट होत नाही, कारण गरम होताना विकरं स्टार्चच्या साखळ्या तोडत राहतात.

बिअरमध्ये दोन विकरं महत्त्वाची. बीटा-अमायलेज साखळीच्या एका टोकापासून दोन-दोन कड्या तोडत जातं. या दोन कड्यांची साखर म्हणजे माल्टोज, यीस्टचं आवडतं खाणं. अल्फा-अमायलेज मात्र मधेच कुठेही घाव घालतं आणि लहानमोठे तुकडे पाडतं. आता खरी मजा. स्टार्चचा मोठा भाग सरळ साखळीचा नसतो, त्याला फांद्या असतात. सरळ भागात कड्या १-४ जोडाने बांधलेल्या, फांदी फुटते तिथे १-६ जोड. आपल्या दोन्ही विकरांना १-६ जोड तोडता येत नाही. बीटा फांदीपाशी येऊन थबकतं, अल्फा आजूबाजूने तोडतं, आणि शेवटी फांदीसकट एक बुटका तुकडा शिल्लक राहतो. त्याला डेक्सट्रिन म्हणतात. यीस्ट एक, दोन, फार तर तीन कड्यांची साखर खातं. चार किंवा त्याहून जास्त कड्यांचं सगळं ते पानात टाकतं. बिअरला जो भरीवपणा येतो त्यात या टाकलेल्या डेक्सट्रिनचा वाटा असतो, प्रथिनांचाही असतो.

बीटा ६२ ते ६५ अंश सेल्सिअसला उत्तम चालतं आणि त्यावर तापमान गेलं की लवकर मरतं. अल्फा ७० च्या पुढेही टिकून राहतं. म्हणजे भिजवलेल्या माल्टचं तापमान ६३ वर धरलं की माल्टोज जास्त, बिअर कोरडी आणि हलकी. ६९ वर धरलं की डेक्सट्रिन जास्त, बिअर भरीव. सहा अंशांचा खेळ! थर्मामीटर नव्हते तेव्हा बव्हेरियातले बिअर करणारे लगद्याचा एक भाग बाजूला काढून उकळायचे आणि परत मूळ भांड्यात ओतायचे. दरवेळी सगळ्याचं तापमान ठरावीक पायरीने चढायचं. काही ठिकाणी आजही हीच पद्धत आहे. शुद्धतेच्या नियमाचा खरा परिणाम इथे दिसतो: बाहेरून विकरं घालता येत नाहीत, त्यामुळे जे काही साधायचं ते दाण्यातल्या विकरांकडून, तापमान सांभाळूनच साधावं लागतं.

अमेरिकेत काय झालं? एकोणिसाव्या शतकात तिथे बिअरचा धंदा उभा केला तो बुश, पाब्स्ट, मिलर अशा जर्मनीतून आलेल्यांनीच. पण तिथे पिकणारा, कणसात दाण्यांच्या सहा ओळी असलेला जव वेगळा होता. त्यात प्रथिनं जास्त, बिअर गढूळ व्हायची. विकरंही मात्र भरपूर होती, स्वतःच्या स्टार्चला पुरून उरतील इतकी. म्हणून त्यांनी मका आणि तांदूळ घातला. त्यातून स्टार्च मिळतो, विरघळणारी प्रथिनं जवळपास नाहीत. जवाची विकरं तांदळाचा स्टार्चही तोडतात, अल्कोहोल तेवढंच होतं, पण प्रथिनं विरळ होऊन बिअर स्वच्छ आणि हलकी लागते. तांदूळ घालणं म्हणजे भेसळ असं मला मुळीच वाटत नाही. हातात आलेल्या धान्याला दिलेलं ते हुशार उत्तर होतं.

पुढची पायरी न्यूयॉर्कच्या जोसेफ ओवेड्स या जीवरसायनशास्त्रज्ञाची. फांदीचा १-६ जोडही तोडणारं विकर त्यांनी बाहेरून घातलं. डेक्सट्रिन राहिलंच नाही, यीस्टने सगळं फस्त केलं. १९६७ मध्ये अशी पहिली बिअर बाजारात आली आणि फारशी चालली नाही. १९७५ मध्ये मिलर लाइट देशभर आली आणि धो धो चालली. तिचा हिशोब करून बघा. ३५५ मिलिलीटरच्या कॅनमध्ये ४.२ टक्के, म्हणजे सुमारे १५ मिलिलीटर अल्कोहोल. वजन ११.८ ग्रॅम. ग्रॅमला ७ कॅलरी धरल्या तर ८२. कॅनमध्ये एकूण कॅलरी ९६! म्हणजे उरलेल्या जेमतेम १४ कॅलरी बाकी सगळ्या पदार्थांच्या. साध्या बडवायझरमध्ये १४५ पैकी ९८ अल्कोहोलच्या आणि जवळपास सगळ्या उरलेल्या कर्बोदकांच्या. 'लाइट' या शब्दाने अल्कोहोल फारसं कमी झालेलं नाही, कमी झालंय ते अन्न.

सायकलस्वाराला हे का कळायला हवं? तीन-चार तास जोरात पेडल मारल्यावर स्नायूंमधलं ग्लायकोजन, म्हणजे साठवलेलं ग्लुकोज, बरंच संपलेलं असतं. ते लवकर भरायचं असेल तर पहिल्या काही तासांत ताशी, शरीराच्या किलोमागे, एक ग्रॅमच्या आसपास कर्बोदकं लागतात. यीस्टला न पचलेलं डेक्सट्रिन आपल्या लहान आतड्यात पचतं आणि त्याचं ग्लुकोज होतं. पण सत्तर किलोच्या माणसाला ताशी सत्तर ग्रॅम हवेत आणि अर्ध्या लिटर साध्या बिअरमध्ये पंधरा-वीस ग्रॅमच असतात. त्यासाठी अल्कोहोलचं ओझं घेणं परवडत नाही, कारण अल्कोहोल मेंदूतून येणाऱ्या व्हासोप्रेसिन या संप्रेरकाला दाबतं आणि मूत्रपिंडं पाणी सोडून देतात. शिरेफ्स आणि मॉन या संशोधकांनी १९९७ मध्ये व्यायामाने घाम काढलेल्या लोकांना ०, १, २ आणि ४ टक्के अल्कोहोलची पेयं देऊन पाहिलं. २ टक्क्यांपर्यंत फारसा फरक पडला नाही. ४ टक्क्यांना शरीरातलं पाणी भरून यायला उशीर झाला.

याच कारणासाठी आपल्याकडचा एक सल्लाही बंद व्हायला हवा: 'मुतखडा झालाय ना, बिअर पी, पडून जाईल.' बिअरने लघवी जास्त होते इतकंच. कॅल्शियम ऑक्झलेटचा खडा तिने विरघळत नाही. उलट बिअरमधल्या प्युरिनमुळे युरिक अॅसिड वाढतं, आणि खड्यांचा एक प्रकार त्याचाच असतो. खडा असेल तर पाणी प्या आणि डॉक्टरकडे जा.

जर्मन सायकलवाल्यांची रॅडलर, म्हणजे अर्धी बिअर आणि अर्धं लिंबाचं गोड सोडापेय, २ ते ३ टक्क्यांत बसते. १९२२ मध्ये म्युनिकजवळच्या एका खानावळीत तेरा हजार सायकलस्वार आले, बिअर पुरेना म्हणून मालकाने तिच्यात लिंबूपेय मिसळलं, अशी गोष्ट सांगतात. पण १९१२ मध्ये छापलेल्या एका आत्मचरित्रात हे पेय आधीच आहे, तेव्हा ती गोष्ट दंतकथाच. जर्मनीत सायकल चालवतानाही रक्तातल्या अल्कोहोलला कायदा आहे: हजारी १.६ ला थेट गुन्हा, आणि सायकल वाकडीतिकडी चालली किंवा अपघात झाला तर ०.३ लासुद्धा.

माझ्या मते राइडनंतर प्यायची असेल तर गव्हाची बिनअल्कोहोल बिअर. तिच्या अर्ध्या लिटरमध्ये सुमारे २५ ग्रॅम कर्बोदकं असतात. म्युनिकच्या संशोधकांनी २००९ च्या मॅरॅथॉनच्या २७७ धावपटूंना तीन आठवडे आधीपासून दोन आठवडे नंतरपर्यंत ती रोज लिटर-दीड लिटर पाजली. निम्म्यांना तशाच चवीचं, पण पॉलिफेनॉल (वनस्पतींमधून येणारी संयुगं) नसलेलं पेय दिलं. बिअरवाल्यांमध्ये सर्दी-घशाचे त्रास कमी दिसले. अभ्यास चांगला बांधलेला होता, पण पैसे एका बिअर कंपनीचे होते, आणि जाहिरातींनी त्यावरून जे मनोरे रचले ते त्या आकड्यांना पेलणारे नाहीत.

'आयसोटॉनिक' या लेबलवरच्या शब्दालाही भुलू नका. त्याचा अर्थ विरघळलेल्या कणांची एकूण संख्या रक्ताच्या जवळपास, एवढाच. त्यात मीठ आहे असा नाही. लिटरभर घामातून बऱ्याच जणांचं एक ग्रॅमच्या आसपास सोडियम जातं, आणि लिटरभर बिअरमध्ये ते साधारण शंभर मिलिग्रॅमपेक्षाही कमीच असतं. बव्हेरियातल्या बिअरबागेत ग्लासाबरोबर ब्रेत्सेल हा खारा पाव मागवा, आणि त्यावरचं जाडं मीठ झटकू नका.