एका सुताचा फरक

मागच्या चैत्रात आमच्या गावच्या सप्ताहासाठी जालन्याहून जनरेटर आणला. दोन चाकांच्या छोट्या ट्रॉलीवर बसवलेला, जीपमागे गोळ्याच्या हुकाला जोडलेला. ओढ्यावरच्या पुलाशी जीप खड्ड्यात आदळली आणि ट्रॉलीची दांडी गोळ्यावरून उसळून रस्त्यावर पडली. साखळी होती म्हणून ट्रॉली जीपमागे फरफटत थांबली. पुढे पंगतीची लेकरं खेळत होती. साखळी नसती तर काय झालं असतं, याचा विचारही नको वाटतो.

"मामा, खटका तर पक्का लावला होता," ड्रायव्हर पुन्हा पुन्हा सांगत होता. ते खरंच होतं. खटका अजूनही बंदच होता. मग मी व्हर्निअर, म्हणजे बारीक मापाची चिमटापट्टी, गोळ्याला लावला. गोळा 47.6 मिलिमीटर, आणि कपलरवर, म्हणजे गोळ्यावर बसणाऱ्या दांडीच्या टोकाच्या वाटीवर, छापलेलं माप 2 इंच, म्हणजे 50.8. फरक 3.2 मिलिमीटर. लेथवरच्या मिस्त्रींच्या भाषेत एक सूत, म्हणजे इंचाचा आठवा भाग.

आपल्याकडे ओढणं म्हटलं की डोळ्यांसमोर ट्रॅक्टर येतो. उसाची ट्रॉली असो की उन्हाळ्यातला पाण्याचा टँकर, हुकात कडी आणि वरून पिन. पिन म्हणजे बिजागरीचा सांधा, तो एकाच अंगाने वळतो. बांधावरून जाताना ट्रॉली वर-खाली होते, कलते. ती मोकळीक कडीच्या सैलपणातून मिळते. म्हणून कडी खडखडते, आणि ट्रॅक्टरच्या संथ चालीला ते चालून जातं. ताशी 60 किलोमीटरने धावणाऱ्या जीपला चालत नाही. सैल सांध्यात आधी मधलं अंतर मिटतं आणि मग लोखंड लोखंडावर आपटतं, प्रत्येक ब्रेकला, प्रत्येक खड्ड्याला.

गोळा आणि वाटी हा उखळीचा सांधा, आपल्या खुब्यासारखा. तिन्ही अंगांनी फिरू देतो, पण जागेवरून सरकू देत नाही. यातली खरी मेख गोळ्याच्या पोटात आहे. वाटी वरून बसते, आणि खटका दाबला की आतली पकड गोळ्याच्या सर्वांत रुंद भागाच्या खाली जाऊन त्याला धरते. खड्ड्यात दांडी वर उसळते तेव्हा तिला रोखणारी तेवढी एकच गोष्ट. गोळा सूतभर लहान असला की पकड बंद होते, पण पोटाखाली पुरेशी शिरत नाही. वरून बघणाऱ्याला सगळं ठीक दिसतं. उलट गोळा मोठा असेल तर वाटी बसतच नाही आणि चूक तिथल्या तिथे कळते. घात करतो तो लहान गोळा.

अमेरिकी पद्धतीची नेहमीची मापं तीन: एक इंच सात सूत, दोन इंच, आणि दोन इंच अडीच सूत. युरोपी पद्धतीत 50 मिलिमीटर. हे शेवटचं दोन इंचांच्या इतकं जवळचं, की डोळ्याला फरक कळत नाही, पण 0.8 मिलिमीटरचा असतो. कपलरवर जे माप छापलंय तेच गोळ्यावर हवं. आकडा झिजला असेल तर पोटावर आडवा व्हर्निअर लावावा, दोन-तीन दिशांनी, कारण जुना गोळा एका बाजूने खाल्लेला असतो. वजनाची क्षमताही दोन्हींवर लिहिलेली असते. कमी असेल ती धरायची.

आमच्या ट्रॉलीत आणखी एक खोट होती. जनरेटर चाकांच्या मागे सरकवून बसवला होता. बैलगाडी मागे जड झाली की उलाळ होते आणि जू वर उचललं जातं, हे आपल्याकडे कुणाला सांगावं लागत नाही. इथेही तेच, दांडी गोळ्याला सतत वर ढकलत होती. दोन चाकी ट्रॉलीच्या एकूण वजनाचा दहा ते पंधरा टक्के भार गोळ्यावर यायला हवा. 700 किलोच्या ट्रॉलीला 70 ते 105 किलो.

जोडल्यावर तपासायची एक साधी रीत आहे. खटका लावायचा, दांडीखाली जॅक घालायचा आणि उचलायचं. वाटी एकटीच वर आली तर माप चुकलं. सांधा बरोबर असेल तर गाडीची मागची बाजू सोबत उठते. साखळ्या दोन असाव्यात, कपलरखाली फुलीसारख्या आडव्या टाकलेल्या, म्हणजे दांडी सुटलीच तर त्या झोळीत पडते.

दुसऱ्या दिवशी जनरेटर पुढे सरकवला, दोन इंची गोळा बसवला आणि जॅक लावला. जीपचं मागचं अंग तीन बोटं वर आलं. वाटी जागची हलली नाही.