ऑरगॅनिक केमिस्टचे पेपर आणि सायटेशन, गोव्यातून बघताना

ऑरगॅनिक केमिस्टचं काम मोजताना दोन आकडे बघतात, त्याने किती पेपर छापले आणि इतरांनी आपल्या पेपरात त्यांचा संदर्भ किती वेळा दिला. हा दुसरा आकडा म्हणजे सायटेशन. गोव्यात ताळगाव पठारावरचं गोवा विद्यापीठ, दोनापावलाची राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था, झुआरीनगरचं बिट्स आणि एमएससी शिकवणारी कॉलेजं, सगळीकडे हा विषय रोजचा झालाय, कारण प्रमोशन असो, प्रोजेक्ट असो की एनआयआरएफचं (केंद्र सरकारचं कॉलेज-विद्यापीठांचं) रँकिंग, हे आकडे भरावेच लागतात.

सायटेशन पद्धतशीर मोजायला सुरुवात केली अमेरिकेतल्या युजीन गारफिल्ड यांनी, १९६४ साली सायन्स सायटेशन इंडेक्स काढून. एच-इंडेक्स, म्हणजे पेपर आणि सायटेशन दोन्ही एकाच आकड्यात बसवायची पद्धत, त्यामानाने नवा, २००५ चा, आणि तो काढला जॉर्ज हिर्श या फिजिक्सवाल्याने. समजा एखाद्याच्या सहा पेपरना २०, १४, ९, ६, ५ आणि ३ सायटेशन आहेत, तर निदान ५ सायटेशन असलेले पेपर ५ भरतात म्हणून एच-इंडेक्स ५. हा आकडा वयाबरोबर वाढतच जातो, कमी कधीच होत नाही, त्यामुळे नुकतीच पीएचडी झालेल्या मुलीची तुलना तिच्या गाईडशी याच्यावरून करणं चूकच.

आता ऑरगॅनिकचा खरा प्रश्न वेळेचा आहे. निसर्गातला एखादा किचकट रेणू २० पायऱ्यांत बनवायचा म्हटला आणि प्रत्येक पायरीला ८० टक्के यील्ड, म्हणजे हाती लागणारा माल, मिळालं, जे चांगलंच म्हणायचं, तरी शेवटी हातात जेमतेम १ टक्का माल उरतो, मग परत मागे जाऊन पहिल्या पायरीपासून ग्रॅमच्या ग्रॅम बनवत बसा, असं करत चार-पाच वर्षं जातात आणि पेपर होतो एक. तो वाचतात तसलेच रेणू बनवणारे मोजके लोक. याउलट नवी रिअ‍ॅक्शन शोधली की ती औषधवाले, पॉलिमरवाले सगळेच वापरतात, कार्बनचे दोन तुकडे जोडणाऱ्या सुझुकी कपलिंगचं तसंच झालं, २०१० चं नोबेलही मिळालं. आणि रिव्ह्यू लेखांना, म्हणजे इतरांच्या कामाचा आढावा घेणाऱ्या लेखांना, तर नवीन प्रयोग न करताही भरपूर सायटेशन मिळतात, म्हणून कुणाचा एकूण आकडा बघताना रिव्ह्यू बाजूला काढून बघावेत असं माझं स्पष्ट मत आहे.

काही कामं इतकी मुरतात की नाव घ्यायचं कुणाला सुचतच नाही. एमएससीच्या लॅबमध्ये मिश्रणातले पदार्थ वेगळे करायला सिलिका भरलेली नळी, म्हणजे कॉलम, लावताना वरून हवेचा दाब देतो ना, ती फ्लॅश क्रोमॅटोग्राफी स्टिल, कान आणि मित्रा यांच्या १९७८ च्या तीन पानी पेपरातली. त्याला हजारो सायटेशन आहेत, पण सिलिका भरणारे हात त्याच्या कितीतरी पट जास्त. केमिस्ट्रीबाहेरचं पण आपल्या मातीतलं उदाहरण म्हणजे १९०७ साली कोसबें गावात जन्मलेले गणितज्ञ दा. ध. कोसंबी, त्यांचं जनुकांमधलं अंतर काढायचं सूत्र पिकांवर काम करणारे आजही 'कोसंबी फंक्शन' म्हणून वापरतात, मूळ पेपर न उघडताही.

गोव्यात काम करायला साहित्य दाराशीच आहे. काजूच्या टरफलातलं तेल, ज्यातलं अ‍ॅनाकार्डिक आम्ल तापवलं की कार्बन डायऑक्साइड सोडून कार्डानॉल बनतं, कोकमातलं गार्सिनॉल, समुद्रातले स्पंज आणि शेवाळं. पण अशा विषयावर जगात काम करणारेच थोडे, म्हणून सायटेशनही थोडी, त्यात कामाचा कमीपणा काही नाही. शिवाय लहान कॉलेजात रेणूची रचना ओळखणारं एनएमआर मशीन नसतं, सॅम्पल बाहेर पाठवून रिपोर्टची वाट बघावी लागते, तो उशीर कुठल्याच इंडेक्समध्ये दिसत नाही.

नावांचा घोळ वेगळाच. देसाई आडनाव इथे बरेचदा दोन एस घालून लिहितात, नाईक आणि फर्नांडिस तर गल्लोगल्ली, मग एकाच आद्याक्षराची चार माणसं डेटाबेसमध्ये एक होतात नाहीतर एकाच माणसाची दोन प्रोफाइल पडतात. २०१२ पासून मिळणारा १६ अंकी ऑर्किड नंबर, म्हणजे प्रत्येक संशोधकाचा स्वतंत्र ओळख क्रमांक, त्यासाठी घ्यावाच. जुन्या पेपरांवर पत्त्याचीही अडचण येते, विद्यापीठ झालं १९८५ ला, त्याआधी पणजीत मुंबई विद्यापीठाचं पदव्युत्तर केंद्र होतं, त्यामुळे फक्त 'गोवा विद्यापीठ' टाकून शोधलं तर ते काम सापडत नाही.

सायटेशनने एक गोष्ट मात्र कळत नाही, पेपरात लिहिलेली कृती दुसऱ्याच्या फ्लास्कमध्ये चालते का. १९२१ पासून निघणाऱ्या 'ऑरगॅनिक सिंथेसेस' मध्ये प्रत्येक कृती छापण्याआधी संपादक मंडळातल्या कुणाच्या तरी लॅबमध्ये परत करून बघतात, यील्ड जुळलं नाही तर ती छापत नाहीत.