रचनाबद्ध दस्तऐवजांतील शोध आणि उत्तरांची क्रमवारी : पार्श्वभूमी

फेब्रुवारी १९९८मध्ये वेबची मानके ठरवणाऱ्या वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्टियमने एक्सएमएल १.० ही खुणांची भाषा प्रमाणित केली आणि लेखातील शीर्षक, विभाग, परिच्छेद असा प्रत्येक भाग खुणांनी वेगळा दाखवण्याची सोय वेबवर आली. तिचे मूळ १९८६च्या एसजीएमएल या आंतरराष्ट्रीय मानकात होते. या खुणांचा शोधासाठी उपयोग करू पाहणाऱ्या दोन परंपरा होत्या. डेटाबेसच्या परंपरेत वापरली जाणारी, १९९९ची एक्सपाथ ही दस्तऐवजातील भाग निवडण्याची भाषा अट पूर्ण होते की नाही एवढेच सांगत असे. दुसरीकडे, गेरार्ड सॉल्टन यांच्या स्मार्ट या संगणकीय शोधप्रणालीपासून माहितीशोधाच्या अभ्यासकांनी उत्तरे समर्पकतेनुसार लावण्याची पद्धत विकसित केली होती. संग्रहात विरळ आढळणाऱ्या शब्दाला अधिक वजन द्यावे, हा केरेन स्पार्क जोन्स यांचा १९७२चा विचार तिच्या पायाशी होता. मात्र इथे उत्तर म्हणजे अख्खा दस्तऐवज, हे गृहीतच होते.

हे गृहीतक मोडून दस्तऐवजाचा कोणताही भाग उत्तर मानताच खरी अडचण समोर आली. ‘विदा संक्षेपण’ (डेटा कॉम्प्रेशन) असा शोध दिला, तर नेमक्या याच दोन शब्दांचे शीर्षक लांबीच्या मानाने सर्वांत समर्पक ठरून अग्रस्थानी येते, आणि वाचकाच्या हाती शीर्षकापलीकडे काहीच लागत नाही. याउलट एखादा परिच्छेद खरोखर उपयुक्त असेल, तर त्याला सामावणारा विभाग आणि विभागाला सामावणारा लेख हेही उपयुक्तच ठरतात. मग यादीत तोच मजकूर तीनदा दिसतो. उत्तर किती मोठे असावे, हा प्रश्न माझ्या मते या क्षेत्राचा गाभा आहे.

नॉर्बर्ट फूर, मूनिया लालमास आदींनी २००२ साली सुरू केलेल्या आयनेक्स या, एक्सएमएल शोधपद्धतींच्या मूल्यमापनाच्या उपक्रमाने हा प्रश्न पद्धतशीर तपासला. आयट्रिपलई कम्प्युटर सोसायटी या संगणकतज्ज्ञांच्या संस्थेच्या सुमारे १२,००० लेखांचा संग्रह सहभागी संशोधकांना देण्यात आला आणि प्रत्येक भागाचे मूल्यमापन दोन निकषांवर होऊ लागले : विषय किती पूर्णपणे आला आहे आणि विषयाबाहेरचा मजकूर किती कमी आहे. २००५मध्ये एकमेकांत गुंतलेली उत्तरे वर्ज्य करणारी स्वतंत्र चाचणीही ठेवली गेली. पुढे, २००६पासून, विकिपीडियाचा संग्रह वापरात आला.

शोधकर्त्याने रचना स्वतः सांगावी, ही अपेक्षा मात्र जड गेली. २००३ साली आयनेक्ससाठी एक्सपाथच्या धर्तीवर लिहिलेल्या प्रश्नांपैकी निम्म्याहून अधिक सदोष निघाले, तेही या विषयातल्या जाणकारांनी लिहिलेले असताना. म्हणून २००४मध्ये नेक्सी ही सोपी भाषा आणावी लागली. त्याच वर्षी स्टीफन रॉबर्टसन, ह्यूगो सारागोसा आणि मायकेल टेलर यांनी उत्तरांना समर्पकतेचे गुण देणाऱ्या बीएम२५ या सूत्राचा विस्तार मांडला. त्यात शीर्षक, मजकूर अशा प्रत्येक भागात शोधलेला शब्द किती वेळा येतो, त्या संख्या ठरावीक वजनांनी आधी एकत्र करून मगच गुण काढले जातात. त्यामुळे रचनेचा लाभ मिळतो आणि शोधणाऱ्याला तिच्याविषयी काहीच लिहावे लागत नाही.