मुंबईत वास्तुकलेचा इतिहास कोणी ठरवला?

मुंबईत बी.आर्क. म्हणजे वास्तुकलेची पदवी करणाऱ्या मुलांना हिस्टरीचा पेपर पहिल्या वर्षापासून असतो. सिंधू संस्कृतीपासून आधुनिक काळापर्यंतचा त्याचा आवाका देशभर साधारण सारखाच. मुंबईचा प्रश्न निराळा आहे. या शहरातल्या नेमक्या कोणत्या इमारती अभ्यासायच्या, यावर गेल्या तीस वर्षांत विद्यापीठापेक्षाही जास्त प्रभाव पडला तो महापालिकेच्या एका यादीचा, वारसा वास्तूंच्या.

सुरुवात फार साधी होती. क्रॉफर्ड मार्केटजवळच्या सर जे. जे. कलाशाळेत 1896 साली वास्तुविशारदांच्या हाताखालच्या ड्राफ्ट्समनसाठी वर्ग निघाला. त्याआधी 1872 ते 1885 या काळात याच शाळेच्या विद्यार्थ्यांनी अजिंठ्याला जाऊन भित्तिचित्रांच्या नकला केल्या होत्या, म्हणजे जुन्या वास्तूसमोर बसून हाताने शिकायची सवय इथे आधीपासूनच होती. वर्गात मात्र विलायती चष्मा होता. 1901 साली लंडनमध्ये निघालेल्या एका जाडजूड ग्रंथाच्या आवृत्तीत भारतीय, चिनी, जपानी आणि इस्लामी वास्तुकलेला चक्क ‘अनैतिहासिक शैली’ म्हटलं होतं, आणि इंग्रजी शिक्षणात तो ग्रंथ पुढे कित्येक वर्षं प्रमाण मानला गेला. 1923 नंतर वीस वर्षं इथे प्राचार्य असलेल्या एका इंग्रज वास्तुविशारदाने मुलांना टेप घेऊन भारतीय इमारती मोजायला लावल्या, तेव्हा कुठे इथल्या वास्तू कागदावर येऊ लागल्या. पदविकेच्या जागी विद्यापीठाची पदवी 1952 मध्ये आली, वास्तुविशारदांचा कायदा 1972 मध्ये, शिक्षणाचे किमान निकष 1983 मध्ये. इतिहास सक्तीचा राहिला. पण गिरगावातली किंवा लालबागमधली चाळ त्या इतिहासात बसते का, हा प्रश्न कोणी विचारला नाही.

तो प्रश्न आडवाटेने आला. एप्रिल 1995 मध्ये बृहन्मुंबईसाठी हेरिटेज नियमावली लागू झाली. देशातल्या कोणत्याही शहरातली ही अशी पहिलीच नियमावली. सहाशेच्या आसपास वास्तू आणि परिसर यादीत आले आणि त्यांच्या श्रेणी ठरल्या. श्रेणी 1 राष्ट्रीय महत्त्वाची, तिला सहसा हात लावायचा नाही. श्रेणी 2 प्रादेशिक किंवा स्थानिक महत्त्वाची, तिच्यातही 2अ आणि 2ब. श्रेणी 3 म्हणजे जिच्यामुळे रस्त्याला, वस्तीला रूप येतं ती. कल्पना उत्तम होती. सरकारी कार्यालयांच्या दगडी इमारतींबरोबर गल्लीतली लाकडी सज्जाची इमारतही ‘वारसा’ ठरू शकत होती, आणि ही दारं श्रेणी 3 मुळेच उघडली होती.

चारच वर्षांत ती अर्धी मिटली. 1999 मध्ये नियमात बदल झाला आणि श्रेणी 3 मधल्या उपकरप्राप्त, म्हणजे दुरुस्तीसाठी सरकारी उपकर भरणाऱ्या जुन्या भाड्याच्या इमारतींच्या पुनर्विकासाला वारसा समितीची परवानगी लागेनाशी झाली. रहिवाशांची बाजू खोटी नव्हती. गोठलेलं भाडं, दुरुस्ती न करणारा मालक, पावसाळ्यात टेकू लावलेल्या गॅलऱ्या; अशा घरात राहणाऱ्याला ‘तुमची इमारत वारसा आहे’ हे सांगताना सोबत दुरुस्तीचा पैसा द्यायला हवा होता, तो कोणी दिला नाही. पण तोडगा म्हणून श्रेणीच पोकळ करणं ही माझ्या मते या शहराच्या इतिहासाभ्यासातली सर्वांत महागात पडलेली गोष्ट आहे. मुंबईची घडण ज्या इमारतींतून वाचता येते, त्या बहुतेक याच श्रेणीत होत्या. 2012 मध्ये यादीत नऊशेहून जास्त नव्या नोंदींचा प्रस्ताव आला तेव्हा शिवाजी पार्क परिसरातून कडाडून विरोध झाला. 1930च्या दशकातल्या त्या गोलाईदार बाल्कन्यांच्या इमारतींत राहणाऱ्यांना यादी म्हणजे पुनर्विकासाला लागणारा लगाम वाटली. आधीचा अनुभव पाहता भीती समजण्यासारखी होती.

याचा परिणाम वर्गापर्यंत येतो. विद्यार्थी डिझर्टेशनला, म्हणजे शोधनिबंधाला, विषय निवडतो तेव्हा ‘ग्रेड (श्रेणी) काय?’ हा प्रश्न परीक्षकांसमोरच्या ज्युरीत निघतोच. श्रेणी नसलेल्या इमारतीवर काम करायचं तर आधी ती अभ्यासाला योग्य का, हेच सिद्ध करत बसावं लागतं.

आणि नेमकं तिथेच मेजर्ड ड्रॉइंगचं, म्हणजे उभी इमारत मोजून काढलेल्या नकाशांचं, मोल कळतं. चाळीच्या जिन्यावर तिघे उभे राहतात. एक टेपचं टोक भिंतीला दाबून धरतो, दुसरा आकडा वाचतो, तिसरा वहीत लिहितो. खोलीचे दोन्ही कर्ण मोजल्यावर कळतं की काटकोन कुठेच नाही. पायरीची उंची मध्ये एक, कडेला एक येते, कारण मधला दगड पावलांनी झिजलेला असतो. हे नोंदवायचं की सरासरी लिहून मोकळं व्हायचं, यावर शीट करताना वाद होतो, आणि त्या वादात मुलं जे शिकतात ते कुठल्याही नोट्समध्ये नसतं.

2018 मध्ये ओव्हल मैदानाभोवतीच्या व्हिक्टोरियन गॉथिक आणि आर्ट डेको इमारतींना जागतिक वारशाचा दर्जा मिळाला, एकूण 94 इमारती. घारापुरी 1987 मध्ये आणि बोरीबंदरचं स्टेशन 2004 मध्ये त्या यादीत आधीच गेलं होतं. त्यामुळे मरीन ड्राइव्हच्या फ्लॅटांवर आज भरपूर लिहिलं जातं, ते व्हायलाच हवं. पण काँक्रीटचाच, त्याच्याही आधीचा दुसरा मोठा प्रयोग बीडीडी (बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट) चाळींचा. वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग आणि शिवडी मिळून 207 इमारती, 1920च्या दशकातल्या. तळमजला अधिक तीन मजले, एका इमारतीत 80 खोल्या, प्रत्येकी 160 चौरस फूट. पहिल्या तीन ठिकाणी पुनर्विकास सुरू आहे आणि चाळी पडत आहेत. शिवडीची जमीन बंदर प्राधिकरणाची असल्याने तिथलं काम मागे राहिलं आहे. महाविद्यालयांनी येत्या सेमिस्टरची मेजर्ड ड्रॉइंगची जागा ठरवताना शिवडी घ्यावी.