‘माझ्यामागे सगळं बायकोचंच’ हे खरं नाही

‘मी गेलो तर सगळं आपोआप बायकोलाच मिळेल, मृत्युपत्र कशाला?’ हा समज चुकीचा आहे. हिंदू उत्तराधिकार कायदा, १९५६ नुसार मृत्युपत्र न करता गेलेल्या पुरुषाची मालमत्ता पत्नी, मुलं आणि हयात असल्यास आई यांच्यात सारखी वाटली जाते. म्हणजे दोन मुलं आणि त्या पुरुषाची आई असेल, तर पत्नीला जेमतेम पाव हिस्सा. खरी अडचण पुढेच. घर विकायची वेळ आली, तर अज्ञान मुलांच्या हिश्शासाठी न्यायालयाची परवानगी लागते. (१८ वर्षांखालच्या मुलाला कायदा ‘अज्ञान’ म्हणतो, शब्द खटकतो खरा.) आणि मृत्युपत्राला स्टॅम्प पेपर लागत नाही, नोंदणीही सक्तीची नाही. तुमची सही आणि दोन साक्षीदारांच्या सह्या पुरतात.