"याला कान आहे का हो?" – तानपुऱ्यासोबतचं माहितीपत्रक

नमस्कार. तानपुरा आमच्याकडून घेतलात, आभार. मिरजेच्या आमच्या छोट्या वर्कशॉपमध्ये सारखं कुणी ना कुणी आईवडील मुलाला घेऊन येतात आणि त्याच्यासमोरच विचारतात, "याला कान आहे का हो? नसेल तर एवढा खर्च कशाला?" मुलाचं तोंड तेवढ्यात पडतं. हे बघवत नाही, म्हणून हे पत्रक.

कान असतो. जवळजवळ प्रत्येकाला. २००९ साली दोन-तीन दिवसांच्या झोपलेल्या बाळांच्या डोक्याला इलेक्ट्रोड लावून त्यांना ड्रमचा ठेका ऐकवला, आणि मधेच समेचा, म्हणजे आवर्तनाचा पहिला मुख्य, ठोका गाळला की बाळाच्या मेंदूत लगेच 'अरे, काहीतरी चुकलं' अशी लाट उठायची, पण दुसरा एखादा साधा ठोका गाळला तर तसं व्हायचं नाही. म्हणजे सम आपण क्लासला जायच्या कितीतरी आधीपासून ओळखतो. सूर खरोखरच न कळणारे लोक असतात, पण शंभरात एखाद-दुसरा. बेसूर गाणाऱ्या बऱ्याच जणांना ऐकू नीट येतं, फक्त गळा अजून ताब्यात नसतो, आणि गळा रियाजाने येतो.

हे माणसात आलं कुठून? डार्विनने १८७१ मध्ये लिहिलं की बोलता यायच्या आधी आपले पूर्वज सुरांनी आणि लयीनं जोडीदाराला भुलवत असतील, पक्षी करतात तसं. काहींच्या मते गटानं एकत्र गायल्या-नाचल्याने माणसं एकमेकांना धरून राहिली. आम्हाला मात्र आई आणि बाळाचं कारण जास्त पटतं. बाळाला खाली ठेवून काम करणाऱ्या बाईला हात न लावता त्याला शांत ठेवायचं असेल तर आवाजाशिवाय दुसरं काय होतं तिच्याकडे? जगात जवळजवळ कुठेही जा, अंगाई असतेच, आणि परक्या भाषेतली अंगाईसुद्धा लोक ऐकून ओळखतात.

आता वाद्य बनवणाऱ्यांच्या जिव्हाळ्याची गोष्ट. जर्मनीतल्या होहले फेल्स गुहेत २००८ साली गिधाडाच्या पंखाच्या हाडाची बासरी सापडली, पाच भोकांची, वय ३५ हजार वर्षांच्या पुढचं. भोकांजवळ बारीक खुणा कोरल्यात, बहुतेक माप घेण्यासाठी. आम्हीपण दांडीवर खुणा करूनच खुंट्यांची भोकं पाडतो, त्यामुळे ते वाचलं तेव्हा अंगावर काटा आला होता.

पण एक गोष्ट लक्षात घ्या, उपजत काय आणि सवयीचं काय हे वेगळं. बोलिव्हियाच्या जंगलातल्या त्सिमाने लोकांना २०१६ च्या अभ्यासात सुसंवादी आणि विसंवादी स्वरजोड्या ऐकवल्या तर त्यांना दोन्ही सारख्याच आवडल्या, कारण त्यांच्याकडे एकत्र वेगवेगळे सूर लावून गायची पद्धतच नाही. म्हणजे ऐकायची ताकद घेऊन मूल जन्माला येतं, पण काय गोड लागणार ते घरात कानावर काय पडतं त्यावर बरंच ठरतं.

आणि तिथेच तानपुरा कामाला येतो. जवारी (तार जिच्यावर टेकते त्या घोडीच्या माथ्याला दिलेला बारीक उतार) नीट लागली की एकाच तारेतून खरजाबरोबर, म्हणजे खालच्या मूळ स्वराबरोबर, वरचे स्वर पण फुटून ऐकू येतात, तसेच स्वर माणसाच्या गळ्यातही असतात, फक्त इतके उघडे ऐकू येत नाहीत. म्हणून मुलाला लगेच गायला बसवू नका. रोज दहा-पंधरा मिनिटं घरात तानपुरा नुसता छेडा, मूल खेळत असलं तरी चालेल. गुणगुणायला लागलं तर चुका काढू नका आणि 'कान नाही' हे शब्द तर त्याच्यासमोर नकोच.

तार बदलल्यावर आवाज दबलेला किंवा पत्र्यासारखा वाटला तर घोडीवर तारेखालचा दोरा अगदी हळू मागेपुढे सरकवून बघा, गुंजन उघडेल. नाही उघडलं तर घोडी घासू नका, तानपुरा इकडे घेऊन या, आणि मुलालाही आणा, जवारी कशी काढतात ते त्याला दाखवू.