प्रार्थनेने मुलाचा कल बदलतो?

‘शिबिराला पाठवा, प्रार्थना करून घ्या, पोरगं सुधारेल.’ समलिंगी आकर्षण वाटणाऱ्या मुलांच्या आईवडिलांना चर्चच्या आवारात हा सल्ला आजही मिळतो. पण ज्यांनी हे ३७ वर्षं करून पाहिलं, त्यांनीच ते गुंडाळलं. अमेरिकेतली ‘एक्सोडस इंटरनॅशनल’ ही ख्रिस्ती संस्था १९७६ पासून हेच आश्वासन देत होती. २०१३ मध्ये अध्यक्ष ॲलन चेंबर्स यांनी जाहीर माफी मागितली आणि संस्था बंद झाली. भेटलेल्या बहुतेकांचा कल बदललाच नव्हता, हे त्यांनी आधीच कबूल केलं होतं. (श्रद्धा मात्र त्यांनी सोडली नाही.) भारतातही २०२२ मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने कल बदलू पाहणारे ‘उपचार’ डॉक्टरांसाठी गैरवर्तन ठरवले. समलिंगी संबंधांना मान्यता न देणारी कॅथलिक धर्मशिकवणसुद्धा या व्यक्तींना आदराने, करुणेने स्वीकारा म्हणते. तेव्हा मूल बोलायला आलं, की आधी नुसतं ऐका.